म्हशीने मारलेली फेरी

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. याच्या शेतातल्या सऱ्या तशाच सरळ असत, आणि आपण सऱ्यांहूनही सरळ आहोत असं त्याचं स्वतःचं मत होतं. नाकासमोर चालणारा माणूस. फक्त दोन वर्षांपासून उजवा गुडघा चालूच देत नव्हता.

त्यात घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं सरकारचं अ‍ॅप आलं. पूर्वी कोणीतरी येऊन, बांधावर उभं राहून पीक लिहून नेत असे. आता शेतकऱ्याने स्वतः फोन हातात घेऊन शेताच्या कडेकडेने पूर्ण फेरी मारायची. फोन नकाशा काढतो, मग आपण पिकाचं नाव टाकायचं. ओळंब्याने दोन हंगाम या प्रकाराकडे ढुंकून पाहिलं नाही.

"माझा मका सरकारला दिसत नसेल तर सरकारने चष्मा लावावा," तो म्हणे.

सरकारने चष्मा लावला नाही. दोन्ही हंगामांत त्याच्या शेतापुढे 'पडीक' लिहिलं. ज्या रानात गवताची काडी उभी राहायला घाबरते, ते पडीक! एवढ्यावर भागलं असतं तर त्याने तोंडाचा पट्टा सोडून समाधान मानलं असतं. पण तिसऱ्यांदा पडीक लागलं तर कालव्याच्या पाण्याची पाळी कायमची बंद, असं पत्र आलं, आणि मग त्याचं धाबं दणाणलं. मका कमरेएवढा झाला होता. पाण्याशिवाय तो पंधरा दिवसही टिकला नसता.

नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला. मुदत संध्याकाळी पाचची. बायको लेकीकडे गेली होती. जाताना आपला फोन ठेवून, कुठलं बटण कधी दाबायचं ते शिकवून गेली होती. शेवटी म्हणाली होती, "गुडघा दुखला तर आक्कांना हाक मारा. त्या मारतील फेरी."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तिचं शेत बांधाला लागून, घरही तिथेच. पण आक्काला हाक मारायची म्हणजे चार वर्षांचा वाद उकरून काढायचा. "तुझी म्हैस माझा लसूणघास खाते," असं ती म्हणे. "माझी म्हैस बांध ओलांडत नाही," असं तो तिच्या दारात जाऊन, छातीवर हात ठेवून सांगे. महिन्यातून दोनदा तरी हे ठरलेलं.

आणि त्याचा खरंच विश्वास होता. रोज सकाळी तो म्हशीला बांधाच्या एका टोकाला सोडी आणि झाडाखाली पाय पसरून चहा पिई. तासाभरात ती कडेकडेने चरत, पूर्ण फेरी मारून दुसऱ्या टोकाने परत येई. मधलं काही उभ्या मक्यामुळे दिसत नसे, पण दिसायची गरज काय? ती ओळंब्याची म्हैस होती.

झाडाखाली गुडघा चोळता चोळता त्याला ही युक्ती सुचली आणि स्वतःच्याच हुशारीने तो खूश झाला. त्याने 'सुरू' दाबलं, फोन फडक्यात गुंडाळून म्हशीच्या गळ्यात बांधला, आणि चहा ओतला.

म्हैस वेळेवर परत आली. त्याने फोन सोडवला, 'पूर्ण' दाबलं, पीक मका टाकलं. चष्मा घरी होता. पडद्यावर काहीतरी हिरवं दिसलं. शेत हिरवंच असतं, म्हणून त्याने 'पाठवा' दाबलं.

दुपारी तीनला कचेरीतून बोलावणं आलं. तो लंगडत पोहोचला. कारकूनबाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला.

"काका, तुमचं शेत दोन एकर. इथे अडीच भरतंय."

त्याने कारकूनबाईंचा चष्मा मागून घेतला आणि पाहिलं. चौकोनी शेताच्या डाव्या अंगाला एक पोट सुटलं होतं. भलंमोठं, गोल, जेवून तृप्त झालेलं.

"आणि इथे," त्यांनी पोटाच्या मधोमध बोट ठेवलं, "तुम्ही सव्वीस मिनिटं एका जागी उभे होतात. काय करत होतात?"

ओळंब्याने चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात दारातून आक्का आत आली. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात फोन.

"मला सरकारचा निरोप आलाय," ती म्हणाली. "माझ्या अर्ध्या एकरावर शेजाऱ्याने मका दाखवलाय. मान्य की अमान्य, विचारतात. का रे, बहिणीची जमीन ढापतोस?"

इकडे आड, तिकडे विहीर. फेरी मी मारली म्हणावं, तर बहिणीच्या जमिनीचा चोर. खरं सांगावं, तर चार वर्षं छातीवर हात ठेवून खोटं बोललेला. शेवटी त्याला मक्याची सुकलेली पानं दिसू लागली.

"फेरी म्हशीने मारली," तो म्हणाला.

"कोणी?" कारकूनबाई.

"म्हशीने. माझ्या. गुडघा दुखतो म्हणून फोन तिच्या गळ्यात बांधला. आणि ती..." त्याने मान खाली घातली. "ती आक्काचा लसूणघास खाते. सव्वीस मिनिटं."

कारकूनबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायचे थांबेनात. आक्का हसली नाही. तिने 'अमान्य' दाबलं आणि म्हणाली, "ही नोंद खोडा, बाई. ऊठ रे. पाचला अजून दीड तास आहे."

बहिणीच्या स्कूटरवर मागे बसून ओळंबा शेतावर आला. आक्काने फोन घेतला आणि साठीच्या पायांनी झपाझप फेरीला निघाली. दोघांच्या मधल्या बांधावर काटेरी कुंपण होतं आणि त्यात एक भोक; त्याला तिने तिथे म्हैस धरून उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते भोक नीट पाहिलं. काटे मोडलेले नव्हते. फांद्या कोयत्याने छाटून, दोन्ही बाजूंना चिंध्यांनी बांधून ठेवल्या होत्या. म्हैस बरोबर मावेल एवढं दार होतं ते.

पाचला वीस मिनिटं असताना नोंद मंजूर झाली. शेत दोन एकर, चौकोनी, मका. आक्का धापा टाकत भोकाशी आली.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

"मी."

"तूच? मग चार वर्षं भांडतेस कशाला?"

"भांडले नाही तर तू येतोस का?" ती म्हणाली. "आई गेल्यापासून एकदा तरी आलास, म्हशीची बाजू मांडायला सोडून?"

त्याने एका चिंधीची सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखी म्हैस सोडली. मग चहाची किटली उचलली, आणि वाकून, गुडघा धरून, तिच्या मागोमाग त्याच भोकातून आत शिरला.