क्लोज-अपसाठी सोडलेला दोर

ती युक्ती गुणवंतरावांची नव्हती, माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर गावानं सगळं खापर पिक्चरवाल्यांवर फोडलं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

१९५७च्या फेब्रुवारीत गुणवंतराव आणि त्यांचा कॅमेरावाला जीपनं चांद्याहून आले. आमचं गाव गडचिरोलीच्या अलीकडे, तलावाकाठी. मी तिथल्या शाळेत मास्तर. ढिवरांच्या मासेमारीवर त्यांना दहा मिनिटांचा पिक्चर काढायचा होता. गावकऱ्यांना समजावून सांगायला त्यांनी मला बरोबर घेतलं, आणि दोनच दिवसांत मी गुडघ्याला बाशिंग बांधून फिरू लागलो. मोहाच्या झाडावर चढून घेतला तो टॉप शॉट. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, खड्डा खणून खालून घेतला तो लो अँगल. त्यात आमचा काटकुळा ढिवर मनसारामही पहिलवान दिसे. अख्खा तलाव दिसला तर लाँग शॉट, नुसता चेहरा दिसला तर क्लोज-अप. शाळेतही मी पोरांना हेच शिकवलं, गणित राहिलं बाजूला.

सगळं झालं, अडलं एका क्लोज-अपपाशी. तलावाच्या तळाला जुनी खोडं आहेत. जाळं त्यांत अडकलं की ढिवर बुडी मारून ते सोडवतो. त्याच्या कमरेला दोर असतो आणि दोराचं दुसरं टोक बायकोच्या हातात, दुसऱ्या कोणाच्या नाही. खालून एक झटका आला तर सगळं ठीक, दोन आले तर ओढायचं. मनसाराम बुडी मारतो तो लाँग शॉट छान मिळाला होता. आता पाळीच्या दगडावर दोर धरून उभी असलेली त्याची बायको गिरजा हवी होती, काळजीनं काळवंडलेली.

आणि गिरजा हसत होती.

"गुरुजी, मी काय करू? दोर हातात हाये. हे खाली मजेत हायेत, मले समजून राह्यलं. मंग तोंड काऊन पाडू?"

तीनदा घेतलं, तिन्ही वेळा ती हसली. रीळ संपत आलं होतं आणि उद्या त्यांना निघायचं होतं. गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. तेव्हा मी मनसारामला बाजूला घेतलं. खाली गेल्यावर दोर कमरेचा सोडून खोडाला बांध, पाण्याखालूनच तलावात उभ्या त्या वाळक्या येनाच्या झाडाआड जा आणि गुपचूप थांब, असं सांगितलं. दोर बोलायचा थांबला की गिरजाचा चेहरा आपोआप येईल, हा माझा हिशेब.

मनसाराम पायाकडे पाहत राहिला. "गुरुजी, खाली दोर सोडत नसते. कोणीच नाई सोडत."

"अरे, अर्ध्या मिनिटाचा तर खेळ. कॅमेऱ्याची चावीच तेवढी चालते."

मास्तर सांगतो म्हणून तो कबूल झाला. त्याची पोर माझ्या शाळेत होती. मला नाही कसं म्हणणार?

ऊन डोक्यावर यायच्या आत त्यानं बुडी घेतली. कॅमेरा घरघरू लागला. गिरजा आधी हसली, मग बोटांतला दोर चाचपू लागली. तिनं हलकेच ओढून पाहिलं. उत्तर नाही. पुन्हा ओढलं. तिचे ओठ उघडे पडले आणि चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. हवा होता तो चेहरा समोर होता, आणि मला तो बघवेना. 'पुरे' म्हणायला तोंड उघडलं, तर गुणवंतरावांनी हात वर करून मला थांबवलं. मी थांबलो.

पाळीवर बसलेला इतवारी ढिवरांतला जाणता म्हातारा. त्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. तो ओरडला, "पोरी, दोर मेला वं!"

गिरजानं दोर मनगटाला दोन वेढे गुंडाळला आणि उडी मारली.

ढिवरांत रीतच तशी. दोर मेला तर धरणारीनं त्याच दोरानं खाली जायचं. चार वर्षं गावात राहून हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

"बाहेर गेली फ्रेमच्या," कॅमेरावाला म्हणाला.

येनाच्या आडून मनसाराम बोंबलत निघाला, "गिरजे! मी इथी हावो! इथी!" पण ती पाण्याखाली होती. दोर खोडाला होता, खोडाभोवती शॉटसाठी मुद्दाम अडकवलेलं जाळं होतं, आणि ती त्या दोरानंच तिकडे चालली होती. मनसारामनं बिनदोराची बुडी मारली. मला पोहता येत नाही. मी पाळीवर उभा राहून मोजत होतो. चाळीसच्या पुढे आकडे सुचेनात.

दोघं वर आली तेव्हा तिच्या पायात जाळं होतं आणि मनगटाची साल निघाली होती. खूप वेळ ती पाणी ओकत राहिली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"दोर कोणं सोडला?"

"म्या," मनसाराम म्हणाला. माझं नाव त्यानं घेतलं नाही. पण त्याची नजर माझ्याकडे गेली आणि तिनं ती पाहिली.

पिक्चरवाले दुसऱ्या दिवशी गेले. तो शॉट उत्तम आला, असं पुढे गुणवंतरावांचं पत्र आलं. मी ते कोणाला वाचून दाखवलं नाही.

महिन्याभरानं जाळं खरंच अडकलं. मी पाळीवरून शाळेत चाललो होतो. मनसारामनं कमरेला दोर बांधून टोक गिरजापुढे धरलं. तिनं हात पुढे केला नाही. मला हाक मारली.

"तुमीच धरा, गुरुजी. हे कुठी रायतेत, तुमाले मालूम रायते ना?"

इतवारी होता, आणखी दोघं ढिवर होते. मी दोर घेतला. मनसाराम गढूळ पाण्यात दिसेनासा झाला आणि माझ्या हातात नुसता ओला दोर राहिला. गिरजा तलावाकडे पाठ करून उभी होती. दोर हलेना. मी ओढून बघावं की नाही, तेही मला ठरवता येईना. मग एक झटका आला. थोड्या वेळानं पाणी फुटलं आणि मनसारामचं डोकं वर आलं.

"आले का?" गिरजानं विचारलं.

"आला," मी म्हटलं.

ती वळली आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतलं.