मामांनी माझी थरथर बरी केली तेव्हा

मी लेखणी बोलतेय. तुमच्या खिशातली नव्हे हो! मी रेडिओ वेधशाळेतल्या नोंदयंत्राची लेखणी. सगळे मला सरसकट पेन म्हणतात, पण मला लेखणी म्हटलेलंच आवडतं. वय झाल्यावर एवढा तोरा चालतो.

शेडबाहेरच्या माळावर लाकडी खांबांना शेकडो तारा ताणलेल्या होत्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या पकडायच्या आणि आत यंत्राकडे पाठवायच्या. माझ्याखालून कागद सरकत राहायचा. लहरींचा जोर वाढला की मी वर, कमी झाला की खाली. मला एक अक्षर येत नाही, पण आयुष्यात मैलच्या मैल लिहिलंय मी!

मला सांभाळायचे मामा, तिथले जुने तंत्रज्ञ. त्यांची भाची संशोधक म्हणून आली आणि "मामा, मामा" करत फिरू लागली, तेव्हापासून वेधशाळेच्या प्रमुख साहेबांसकट सगळ्यांचेच ते मामा झाले. माझी शाई ते औषधासारखी थेंब मोजून भरायचे. माझी रेघ जरा फाटली तरी त्यांचं तोंड उतरायचं.

भाचीला पाहायचा होता सूर्याचा वारा. सूर्यापासून चहूकडे विद्युतभारित कणांचा झोत अखंड वाहत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण फार दूरच्या, टिंबाएवढ्या रेडिओ स्रोताच्या लहरी त्या वाऱ्यातून आल्या की लुकलुकतात. पेटत्या शेगडीवरच्या हवेतून पलीकडची भिंत हलल्यासारखी दिसते ना, तसंच. स्रोत आकाशात सूर्याच्या जवळ सरकू लागला की लुकलुक वाढते, आणि लहरी लुकलुकल्या की मी थरथरते.

पंचाईत अशी, की हे मामांना कुणी सांगितलंच नव्हतं. मामा-भाची रोज एकाच टेबलावर डबा खायचे, पण मामांचा कडक नियम होता, जेवताना कामाचं बोलायचं नाही. एरवी ती आपल्या खोलीत आकडेमोडीत बुडालेली आणि ते शेडमध्ये माझ्यापाशी.

त्यातच साहेबांनी भाचीला बजावलं, "महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत तुमचा तो वारा दाखवा. नाहीतर तारा उतरवतो आणि शेड मोडक्या खुर्च्यांना देतो." तिच्या तीन वर्षांच्या कष्टांचा प्रश्न होता. मामांनीही धसका घेतला.

आणि नेमकी तेव्हाच, भर दुपारी, मी चांगली थरथरायला लागले.

"अगं बाई, तुला आत्ताच हुडहुडी भरायची होती?" मामा मला म्हणाले. त्यांनी माझे स्क्रू आवळले, टोक धुतलं, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला. कशाचा उपयोग होईना. शेवटी त्यांनी यंत्रात एक कंडेन्सर डकवला. बारीकसारीक चढउतार तो सगळे गिळून टाकतो. झालं! माझी रेघ लोण्यासारखी मऊसूत यायला लागली.

"आता कशी शहाण्यासारखी वागतेस!" मामा खुशीत होते. मी आतल्या आत ओरडत होते. मला रेघेशिवाय दुसरी भाषा नाही, आणि या भल्या माणसानं प्रेमापोटी माझं तोंडच बंद केलं होतं.

असे नऊ दिवस गेले. शुक्रवारी भाचीनं डबा उघडलाच नाही.

"जेव गं," मामा म्हणाले.

"मामा, आज तुमचा नियम मोडते. स्रोत सूर्याजवळ आलाय, थरथर वाढायला हवी होती. ती तर पार थांबलीय. माझंच गणित चुकलं. उद्या साहेबांना सांगते, उतरवा तारा."

मामांचा घास हातातच राहिला. "थरथर? दुपारची? अगं, ती तर मी बरी केली!"

"बरी केली?"

"कंडेन्सर घातला. तुझी रेघ नीट यावी म्हणून."

भाची आधी रडली की आधी हसली, देव जाणे. "अहो मामा, तोच तर वारा होता!"

डबा उघडा टाकून मामा धावत शेडमध्ये आले. कंडेन्सर काढताना मला म्हणाले, "चुकलो गं बाई." अशी माफी माझी आजवर कुणी मागितली नव्हती.

शनिवारी बाराच्या सुमारास साहेब आले. मी अशी थरथरत होते की कागदावर नुसतं कुसळांचं रान उठलं. साहेबांनी नाक मुरडलं. "मामा, तुमचं पेन सैल झालंय."

मामांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी बाहेरच्या तारा सोडवून चाचणीच्या डब्याची तार जोडली. त्या डब्यातून अगदी एकसारखा संकेत येतो; मी खरंच सैल असते, तर त्यावरही थरथरले असते. मला तर घाम फुटायचा बाकी होता. आता भीतीनं जरी थरथरले असते, तरी सगळं संपलं असतं! मी मघाएवढ्याच उंचीवर गेले आणि सरळसोट चालू लागले. मामांनी माळावरच्या तारा परत जोडल्या, आणि पुन्हा कुसळं!

भाचीनं शेजारी महिन्यापूर्वीचे कागद पसरले. स्रोत लांब होता तेव्हाची थरथर बारीक होती, आता जवळ आल्यावर दांडगी. साहेब कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "खुर्च्यांची सोय दुसरीकडे करतो." माझा जीव भांड्यात पडला.

आता नोंदी संगणक ठेवतो. मी भाचीच्या टेबलावर पेन्सिलींच्या डब्यात निवांत असते. निवृत्त मामा अधूनमधून येतात, मला उचलतात, शाईत बुडवून कागदावर रेघ ओढतात. परवा ती रेघ फार थरथरली. या खेपेला थरथर माझी नव्हती, त्यांच्या हाताची होती.

"आता मलाच कंडेन्सर घाला," मामा हसून म्हणाले.

भाचीनं तो हात आपल्या हातात घेतला. "डॉक्टरांकडे उद्याच जाऊ, मी येते. पण घाबरायचं नाही. वारा कुठून येतोय, ते आधी बघू."

बाबांनो, माझंही तुम्हाला एवढंच मागणं आहे. कुणी थरथरताना दिसलं तर त्याला घाईनं गप्प करू नका, आधी विचारा. आणि मामा येतील त्या दिवशी माझ्यासाठी थोडी शाई काढून ठेवा.