विटाळ कोणाचा कोणाला?

त्या गुरुवारी दवाखान्याच्या आवारात इतकी गर्दी होती, की खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसालाही आधी दर्शनाच्या रांगेत उभं राहावं लागत होतं. कडुनिंबाखाली बाजेवर लालपाणी महाराज बसले होते. कपाळापासून कोपरापर्यंत भंडारा फासलेला, गळ्यात कवड्यांची माळ. पुढ्यात पितळेची परात आणि तिच्यात तळ दिसेल इतकं निर्मळ पाणी. एकेक लेकुरवाळी पुढे येई, महाराज तिचे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेऊन चोळत आणि ओरडत, "जल में जलवा, हाथ में हलवा, सटवाई का निकला दिवाळा!" यात हलवा कुठून आला, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मग ती बाई परातीत हात बुडवी आणि पाणी लाल होई.

"अरे बाप्पा!" रांग शहारायची. लाल पाणी म्हणजे सटवाईचं रक्त, आणि ज्याच्या हातून ते उतरलं तो बाधलेला, असं महाराजांचं शास्त्र होतं. बाधलेल्याने पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचं. तेव्हा मात्र महाराज तळवे चोळत नसत, नुसती फुंकर मारत. पाणी निर्मळच राही आणि बाई मुक्त होई. चेला जुनं पाणी ओतून नवं तीर्थ घाली, की पुढची हजर. मी त्या गावात शाळामास्तर होतो. तेल्हाऱ्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावरचं काळ्या मातीचं गाव, साल अठ्ठावन्न. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आयांबरोबर रांगेत असल्याने मीही तिथेच उभा होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पाणी कसं लाल होतं ते कळत नव्हतं.

गाव मूर्ख होतं म्हणून महाराजांकडे गेलं, असं म्हणणं सोपं आहे. गाव घाबरलं होतं. पोळ्यापासून दवाखान्यात बाळंत झालेल्या बायकांना एकीमागून एक ताप येत होता. गावातले शेतकरी जानराव, त्यांची सून मैना त्यातच गेली. तान्हं पोर मागे राहिलं. आता जानरावांची लेक वच्छला पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, दिवस भरत आले होते, आणि जानराव रोज सकाळी तिच्याकडे बघून नजर फिरवत. पराटीचं, म्हणजे कपाशीचं, चांगलं पीक उभं होतं, पण हा माणूस वेचणीचं नाव काढत नव्हता.

त्याच सुमारास आधीचे डॉक्टर बदलून गेले आणि त्यांच्या जागी अमरावतीहून डॉक्टर प्रमोदिनीबाई आल्या. नेसण्यात जाड सुती पातळ, बोलण्यात तोडून टाकल्यासारखं थोडकं. त्यांनी आल्या आल्या दवाखान्याची सुईण गोदाबाई हिला समोर बसवलं आणि ती बाळंतपण कसं करते ते विचारलं. गोदाबाई वीस-पंचवीस वर्षांची जाणती, हाताला चपळ. तिने सगळं सांगितलं. हात कधी धुता, असं विचारल्यावर तर ती खुलली. बाळंतपण आटपलं की राखेने कोपरापर्यंत हात घासते, लुगडं भिजवते, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. आधीचे डॉक्टरसाहेबही तसेच होते. सोवळ्याचा माणूस! बाळंतिणीला पाहून आले की साबणाची वडी झिजवत.

"आणि आधी?" बाईंनी विचारलं.

"आधी काहून? आधी काय विटाळ असते?"

मग त्यांनी विचारलं, की बोलावणं येतं तेव्हा तुम्ही काय करत असता. गोदाबाई म्हणाली, काय करणार, शेण काढून राहिली असते, नाही तर दुसऱ्या बाळंतिणीला न्हाऊ घालत असते. तशीच धावत येते. उशीर केलेला तिला खपत नसे.

म्हणजे विटाळ लागू नये म्हणून गाव इतकं जपत होतं, की त्याचा रस्ता कोणत्या बाजूला जातो हे बघायला कोणाला सवड झाली नव्हती. शिकलेले डॉक्टर आणि अडाणी सुईण यांचं या एका गोष्टीवर तेवढं एकमत होतं. बाईंनी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी तिवई ठेवली, तिच्यावर घमेलं, उकळून निववलेल्या पाण्याची कळशी, कपडे धुवायच्या साबणाची वडी आणि धुतलेलं फडकं. नियम एकच केला. आत जाऊन जो कोणी बाईला किंवा बाळाला हात लावील, त्याने आधी हात धुवायचे आणि पदराला न पुसता फडक्याला पुसायचे. गोदाबाई तोंडाने "हो जी" म्हणाली आणि मनात काय म्हणाली ते तिच्या भुवयांनी सांगितलं.

पुढच्याच गुरुवारी वच्छलाच्या कळा सुरू झाल्या आणि जानराव तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन आले. महाराज आवारात होतेच. जानरावांनी त्यांचे पाय धरले. लेकीच्या पोटावर हात ठेवून आशीर्वाद द्या, एवढंच मागणं. महाराज बाजेवरून उठले, गर्दी मागे निघाली, आणि सगळी वरात ओसरीवरच्या तिवईपाशी येऊन अडली. तिवईपलीकडे प्रमोदिनीबाई उभ्या होत्या.

"आशीर्वाद द्या, महाराज," त्या म्हणाल्या. "पण तिला हात लावायचा असेल, तर आधी साबणाने धुवावे लागतील. मीसुद्धा धुते."

"संत के हाथ को साबण?" महाराज गर्दीकडे वळून हसले. "गंगा को कोई धोता है क्या?"

वाक्य झकास होतं. गर्दीने माना डोलावल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत. मग महाराजांनी आणखी कारणं काढली. आज व्रत आहे, साबणात चरबी असते, गुरूने गिरनारवर मना केलं आहे. एका साध्या वडीला इतकी कारणं लागतात, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. इकडे वच्छला भिंतीला टेकून ओठ चावत बसली होती आणि जानराव दोघांच्या मध्ये उभे राहून घामाघूम झाले होते.

"बाई, मले पोरगी पायजे," ते म्हणाले. "कोणाच्याबी हातानं वाचू दे." मग ते महाराजांकडे वळले. "धुऊन टाका ना जी. तुमचं काय जाते? गंगेत लोटाभर पाणी पडलं त गंगा काई बाटत नाई."

आणि महाराजांनी काही म्हणायच्या आत त्या भाविक माणसाने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, घमेल्यातल्या पाण्यात बुडवले आणि पाहुण्याचे पाय धुवावेत तशा मायेने त्यांना साबण लावला.

फेस लाल झाला. महाराजांचे हात मनगटापर्यंत लालभडक झाले, बोटांवरून लाल ओघळ घमेल्यात पडू लागले. महाराज हात ओढून घेऊ लागले, पण कापसाचे गठ्ठे उचलणाऱ्या माणसाची पकड ती, सुटते कसली. आता ज्याचं पाणी लाल तो बाधलेला, हे तर महाराजांनीच शिकवलेलं.

"माय वं," मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, "महाराजालेच लागली सटवाई."

तेवढ्यात वच्छलाची कळ ओसरली होती. ती भिंतीचा आधार घेऊन उठली, घमेल्यात डोकावली आणि म्हणाली, "बाबा, हा त हयदीचा डाग व्हय. मायच्या लुगड्याले साबण लावला का असाच होते."

आधी एक बाई हसली, मग दुसरी, मग बायकांची सगळी बाजू. कारण हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं! लग्नघरची हळदीची लुगडी धुताना प्रत्येकीने हा रंग पाहिला होता. पण घरच्या कपड्यावर पडला तेव्हा तो डाग, आणि महाराजांच्या परातीत पडला तेव्हा सटवाईचं रक्त. बाईंनी परातीत बोट बुडवलं, पाणी बुळबुळीत लागलं. चेल्याच्या घोंगडीखालून पापडखाराची पुडी निघाली. भंडारा म्हणजे हळद. ती तळव्यांना चोळायची आणि पापडखाराच्या पाण्यात बुडवायची, की झाला चमत्कार. चोळलीच नाही, तर बाई मुक्त. तिथल्या तिथे चार बायकांनी ओंजळीत हळद घेऊन चार परातींत सटवाई उतरवून दाखवली. महाराज संसारात असताना हळदीला खार लावून कुंकू बनवत आणि पातूरच्या बाजारात विकत, हे पुढे कळलं. धंदा त्यांनी सोडला नव्हता, फक्त गिऱ्हाईक बदललं होतं.

कथा इथे संपवता आली असती, पण बाई थांबल्या नाहीत. त्यांनी फडकं साबणाच्या पाण्यात भिजवलं आणि आवारात फिरू लागल्या. तांब्याचा काठ पुसला, तिथे लाल बोटं उमटली. बाजेचा खूर, प्रसादाचं ताट, जानरावांच्या खांद्यावरचं उपरणं, सगळीकडे तेच. सूर्यभान पाटलांच्या नातवाला महाराजांनी सकाळी मांडीवर घेतलं होतं. त्याच्या झबल्यावर बेंबीपाशी पाचही बोटं उठली. एका माणसाला हा दुप्पट चमत्कार वाटला आणि त्याने बाईंच्या पायांवर लोटांगण घातलं. बाई त्याच्यावर खेकसल्या. मला फार बरं वाटलं.

"हळदीला रंग आहे म्हणून ती सापडली," त्या म्हणाल्या. "तापाच्या जंतूंना रंग नाही. ते गोठ्यातून, एका बाळंतिणीकडून दुसरीकडे, असेच हातावर बसून येतात. गोदाबाई, बाळंतिणीचा विटाळ तुम्हाला होत नाही. आपला विटाळ तिला होतो. तुमचा आणि माझाही."

गोदाबाई त्या झबल्याकडे बघत होती. मग तिने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे मैनाले मी..." एवढंच तिच्या तोंडून आलं. जानरावांनी मान खाली घातली. आवारातलं हसू थांबलं होतं, आणि महाराज चेल्यासह फाटकाकडे सरकत होते, याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "शिकलेल्यांनीही नाही. आता चला, ती थांबणार नाही."

गोदाबाईने त्या दिवशी हात असे धुतले, की नखं पांढरी पडली. दार लोटलं. मी आणि जानराव ओसरीवर बसलो. भर दुपार होती. आतून वच्छलाचं कण्हणं येई आणि जानराव उपरण्यावरच्या त्या लाल बोटांवरून अंगठा फिरवत बसत.

मध्येच गोदाबाई बाहेर आली. एक वासरू पायरीवर चढून कळशीला तोंड लावू पाहत होतं. तिने त्याला मानेला धरून हाकललं, पदराने तोंड पुसलं आणि तरातरा आत गेली. आणि आतून वच्छलाची आरोळी आली. ती कळेची नव्हती.

"गोदाकाकू, हात!"

गोदाबाई परत आली. तिवईपाशी उभी राहून पुन्हा साबण लावू लागली. थोड्या वेळाने खिडकीची कडी काढून हवा येऊ द्यायला डॉक्टरीणबाई उठल्या असाव्यात, कारण कडीचा आवाज आला आणि पाठोपाठ धापा टाकत वच्छला ओरडली.

"बाई, तुमीबी."

प्रमोदिनीबाई दारात आल्या. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या गोदाबाईशेजारी घमेल्यावर वाकल्या. जानरावांनी उठून कळशी उचलली आणि दोघींच्या हातांवर पाणी घातलं. मग बऱ्याच वेळाने तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू आलं, आणि हा दांडगा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

वच्छलाला ताप आला नाही. एका बाईला ताप आला नाही म्हणजे सिद्ध झालं, असं मी म्हणणार नाही. तसं तर महाराजांचे भक्तही म्हणत. पण त्यानंतर आलेल्या बाळंतिणींकडे मी डोळ्यांत तेल घालून पाहत राहिलो. ताप अगदीच संपला नाही. मात्र कुठे आला, तर आधी कोण काय विसरलं ते बाई शोधत, आणि पोळ्यानंतरची ती तापांची रांग पुन्हा लागली नाही.

बारशाच्या दिवशी मी दवाखान्यात डोकावलो, तर तिवईवरच्या साबणाला कोणीतरी हळद वाहून फूल ठेवलं होतं. हळदीने साबण ठिकठिकाणी लाल झाला होता. गोदाबाईने माझ्यासमोर फूल काढून फेकलं, वडी धुतली आणि म्हणाली, "याले पुजायचं नाई, मास्तर. याले घासायचं."

याहून जास्त मला काय सांगता येणार? देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण डॉक्टर असो, नर्स असो, सुईण असो, नाही तर साक्षात गिरनारहून आलेला असो, तुमच्या माणसाला हात लावायला पुढे झाला, की विचारा, हात धुतले का? मघाशी धुतले होते हे उत्तर नव्हे. मधे वासरू येतं, कडी येते, दुसरा रोगी येतो. हात लावायच्या आधी धुवायचे, दर वेळी धुवायचे, आणि नंतरही धुवायचे, कारण नंतर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी आधी. जो खरा असेल तो हसून घमेल्याकडे वळेल. आणि ज्याला या प्रश्नाचा राग येईल, त्याचे हात प्रेमाने धरावेत आणि साबण लावून पाहावा.