पालथं पुस्तक

त्या सोमवारी आमच्या स्वीटगम गावच्या कोर्टासमोरच्या हिरवळीवर जत्राच भरली होती. बायका घरून खुर्च्या घेऊन आल्या होत्या, बर्फ घातलेल्या चहाच्या बरण्या हातोहात फिरत होत्या, आणि मधोमध एका टेबलापाशी ब्रदर होझिया टॅकेट बाह्या सारून उभे होते. टेबलावर त्यांच्या आजोबांचं बायबल होतं, पाटाएवढं मोठं.

"बघा, माझा हात कुठंय? बोट तरी लागतंय का?" असं म्हणत त्यांनी पुस्तक कण्यावर उभं केलं आणि दोन्ही हात आभाळाकडे नेले. पुस्तक धप्पकन दोन्हीकडे पसरलं.

"गिडियन, वाच!"

गिडियन हा थोरला मुलगा, पेशानं वकील. त्यानं खड्या आवाजात वाचलं, "परमेश्वर आंधळ्यांचे डोळे उघडतो! स्तोत्र एकशे सेहेचाळीस!"

"हालेलुया!" गर्दी हेलावली. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच पान. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा पेट्रोल पंपावरच्या व्हर्लिननं टोपी काढून छातीशी धरली. हा माणूस स्वतःच्या लग्नानंतर चर्चमध्ये फिरकला नव्हता.

"डॉक्टर डोळे उघडतो असं लिहिलंय का?" ब्रदर गरजले.

"नाही!"

"सुरी उघडते असं?"

"नाही!"

"मग चला, जज्जबाईंना वाचून दाखवू!"

मी ओपल स्टिडम. जन्मभर तिसरीच्या मुलांना शिकवलं, आणि आजही दर रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवते. तेव्हा मला नास्तिक म्हणून मोडीत काढू नका. देवावर माझा विश्वास आहे. देवाच्या नावानं कुणी टेबल बडवायला लागला की मात्र माझं डोकं फिरतं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. टॅकेट मंडळी त्या पायरीवर डबा उघडून जेवायची. शाळेत भुतांच्या सोंगांचा कार्यक्रम झाला, ठोक दावा. पोहायच्या तलावावर बायकांनी पोहायचे कपडे घातले, ठोक दावा. जत्रेत हात बघणाऱ्या बाईवर दावा ठोकला तेव्हा ती बाई म्हणाली, "हे मला आधीच दिसलं होतं!" फलक हातात घेऊन सगळं कुटुंब उन्हात तासन् तास उभं राहायचं. त्यांच्या चिकाटीला मी नावं ठेवणार नाही. पण कुणावर तुटून पडायचं हे ठरवायला ते पुस्तक उभं करून सोडत, आणि हल्ली ते एकाच पानावर उघडत होतं.

या वेळचा दावा त्यांनी केलेला नव्हता, त्यांच्यावर झालेला होता. धाकटी टिर्झा नऊ वर्षांची. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. मुलांनाही होतो तो. पियानो शिकायला यायची तेव्हा डावीकडच्या पट्ट्यांसाठी सगळी मान वळवायची, म्हणून माझ्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली नाही तर तो डोळा बघायला शिकणारच नाही, कायमचा गेला. बाप म्हणाला, देव बघेल. मग बालकल्याणवाल्यांनी कोर्ट गाठलं आणि मला साक्षीला बोलावलं. तेव्हापासून टॅकेटांच्या घरातलं कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

कोर्टात गिडियननं तोच प्रयोग केला. पुस्तक पडलं, पान उघडलं, मागून कुणीतरी हुंदका दिला. मला धडकी भरली. पंच मंडळी नव्हती, निकाल एकट्या जज्जबाईंच्या हाती होता, आणि आमच्याकडे जज्ज निवडून येतात, तेव्हा दर तीन वर्षांनी जज्जबाईंना याच गर्दीकडे मतं मागायची असत.

विल्मा बर्डेट, आमच्या जज्जबाई, चष्म्यावरून बघत राहिल्या. मग त्यांनी टिर्झाला जवळ बोलावलं.

"बाळ, तुझ्या डोळ्यासाठी घरी काय करतात गं?"

"रोज जेवण झालं की मी सोफ्यावर आडवी होते, मॅम. डॅडी ते पान काढतात आणि पुस्तक उघडं माझ्या डोळ्यांवर ठेवतात. मग सगळे वरून हात दाबून प्रार्थना करतात."

"कधीपासून?"

"दुसरीत होते तेव्हापासून. फार जड आहे ते. नाक चपटं होतं."

"उघडं ठेवतात म्हणजे? पालथं?" हा आवाज माझा होता. मी कधी उठून उभी राहिले ते माझं मलाच कळलं नाही.

"मिस ओपल, खाली बसा!" जज्जबाईंनी हातोडा आपटला.

"बसते. पण उभा जन्म मी मुलांना ओरडत आलेय, पुस्तक पालथं घालू नका, कणा मोडतो! एकदा मोडला की ते जन्मभर तिथंच उघडतं! या गिडियनला तर मी त्यासाठी कोपऱ्यात उभं केलं होतं."

गिडियनचे कान लाल झाले. "हरकत आहे, युवर ऑनर! बाईंकडे पुरावा काय?"

"चहाच्या खोलीत आहे," मी म्हटलं. "आपलं पाकपुस्तक."

चर्चच्या बायकांनी मिळून काढलेलं ते पाककृतींचं पुस्तक गावात घरटी एक आहे. कारकुनानं कोर्टाची प्रत आणली. जज्जबाईंनी स्वतः ती कण्यावर उभी केली आणि सोडली. धप्प. "पीच कॉबलर," त्यांनी वाचलं. पुन्हा सोडली. पीच कॉबलर, म्हणजे पीच घालून भाजलेलं गोड. पानाला साखरेचा पाक चिकटला होता.

"देवाची आज्ञाच दिसतेय," जज्जबाई म्हणाल्या, "आज गावभर गोड करायचं."

लोक हसले. गिडियन ओरडला, "पवित्र शास्त्राची तुलना पीचशी?"

तेवढ्यात पहिल्या बाकावरून बारीक आवाज आला. "आमच्याकडचं पाकपुस्तकही तिथंच उघडतं." सिस्टर लोमा, टिर्झाची आई. इतक्या खटल्यांत त्या बाईचा आवाज कोर्टानं कधी ऐकला नव्हता. "दर आठवड्याला तेच कॉबलर करते ना मी. त्यात चमत्कार कसला, होझिया? सवय आहे."

जज्जबाईंनी शपथेचं नवंकोरं बायबल ब्रदर होझियांच्या हातात दिलं. "आता हे सोडा, ब्रदर. देव तर तोच आहे ना?"

पहिल्यांदा ते उघडलंच नाही. दुसऱ्यांदा अमक्याचा मुलगा तमका, अशा नावांची लांबलचक यादी निघाली. तिसऱ्यांदा ब्रदरनी स्वतः वाचलं, "घुबड खाऊ नये."

"नाही खाणार," मागून व्हर्लिन म्हणाला आणि टोपी डोक्यावर चढवली.

"मी कुणाला फसवलं नाही," ब्रदर पुटपुटले. मला त्या माणसाची खरंच कीव आली. त्यांचं पोरीवर प्रेम होतं आणि त्याच प्रेमानं दाबून दाबून त्यांनी त्या पुस्तकाचा कणा मोडला होता. स्वतःच्याच हाताची खूण त्यांना देवाची वाटली. लुच्चा बाबा परवडला, त्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं.

"तुम्ही फसवलं नाहीत, फसलात," जज्जबाई म्हणाल्या. "पोरीचा डोळा त्यापायी जाऊ देणार नाही." शस्त्रक्रियेचा हुकूम त्यांनी तिथंच लिहवून घेतला.

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला तर खुशाल बघा. हात जोडायची घाई मात्र करू नका. दुसरं पुस्तक मागा, दुसऱ्याला पाडू द्या, आणि ते पान तिथं उघडायला कुणी शिकवलं ते विचारा. देव खरा असेल तर एवढ्या चौकशीनं रुसणार नाही.

त्या शरद ऋतूत टिर्झा पुन्हा पियानोला यायला लागली. नाकावर जाडजूड चष्मा आणि उजव्या, धडधाकट डोळ्यावर पट्टी, डाव्याला कामाला लावायला. एक दिवस तिनं माझं पाकपुस्तक उभं करून सोडलं, पडलेल्या पानावर वाकली आणि एकेक अक्षर लावत एकट्या डाव्या डोळ्यानं वाचू लागली.

"सा-खर... ए-क... वाटी." ती थांबली, मान वर केली. "एकच? मिस ओपल, तुम्ही तर दोन घालता! मी बघितलंय!"

गावात इतकी वर्षं माझं कॉबलर खाऊन कुणाला जे दिसलं नव्हतं, ते त्या डोळ्याला दिसलं.