वडाच्या जागी उभा खांब

मी विजेचा खांब बोलतोय. सोलापूरहून कुंभारीकडे निघालात की उजव्या हाताला जो लोखंडी सोट उभा दिसतो, तोच मी. माझ्या डोक्यावर एक आडवी लोखंडी पट्टी आहे. तिच्यावर चिनीमातीच्या वाट्या बसवल्यात आणि त्यांवरून तारा गेल्यात.

चौतीस साली मला आगगाडीने आणलं आणि पुढे बैलगाडीने इथवर ओढलं. सरकी काढायच्या कारखान्याला वीज न्यायची होती. इथे आधी वड होता. त्याच्या फांद्या तारांना लागतील म्हणून तो तोडला आणि त्याच्याच मुळांत खड्डा खणून मला उभा केला. मला कुणी विचारलं नाही, वडालाही नाही.

शेजारी गुंडा धनगर आणि त्याची बायको चिमाबाई राहतात. म्हैस व्याली की तिची वार, म्हणजे वासरामागून पडणारी पिशवी, फडक्यात बांधून वडाला टांगायची, ही इथली रीत. वडाला जसा चीक, तसं म्हशीला दूध येतं म्हणे. आता वडच नाही म्हटल्यावर करणार काय? त्यांची म्हैस व्याली तेव्हा चिमाबाईने जागा तरी तीच धरली. कुत्री ओढतील म्हणून गुंडाने ते बोचकं लांब बांबूने माझ्या पट्टीला अडकवलं.

वासावर घार आली. समोरच्या लिंबावर तिचं घरटं होतं, घरट्यात एक पिल्लू. ती पट्टीवर बसली, खाली वाकली आणि तिचा पंख तारेला लागला. पाय माझ्यावर, पंख तारेवर; जीव जायला तेवढं पुरलं. ती खाली पडली आणि मी आपला ताठ उभा. दुसरं मला येतं काय?

चिमाबाईने मेलेली घार पाहून हात जोडले. म्हशीवरची नजर घारीने आपल्या अंगावर घेतली, असं ती बायकांना सांगू लागली. त्यात म्हशीने चरवी भरून दूध दिलं. मग काय, घरोघरची बोचकी माझ्याकडे येऊ लागली. पाखरं मरत राहिली. बायका मला हळदकुंकू लावू लागल्या. मला त्या हळदीची शिसारी येई, पण पुसून टाकायला हात कुठले?

तारांची देखरेख करणारा रुद्रप्पा भला माणूस. त्याने एकदा वीज बंद करून सगळी बोचकी काढली आणि चिमाबाईला म्हणाला, "आक्का, हितं नगा बांदू. पाखरं मरत्यात."

"वड तुमीच तोडला की," ती म्हणाली. "आमी कुटं बांदायचं?"

रुद्रप्पा बोचकी उचलून निघून गेला. पुढे तिच्या म्हशीचं दूध कमी झालं आणि खापर त्याच्या माथ्यावर फुटलं. तेव्हापासून तो बोचक्यांना हात लावत नाही.

लिंबावरचं पिल्लू नराने एकट्याने वाढवलं. आता ते या फांदीवरून त्या फांदीवर उडतं. आज गुंडाची गायही व्याली, आणि माझ्या पट्टीला ताजं बोचकं आलं. पिल्लू मान वाकडी करून इकडेच बघतंय.

पिल्ला, इकडे येऊ नकोस. मातीत बस, दगडावर बस, उपाशी राहा, पण माझ्यावर बसू नकोस रे. मी वाईट नाही, पण माझ्यापाशी मरण आहे.

खाली चिमाबाई उभी आहे. तिचा जीव त्या पोरक्या पाखरासाठी तुटतो.

"ये लेकरा," ती हाक मारते. "आई न्हाय तुला. ये, खाऊन घे."

तिची हाक त्याला ऐकू जाते. त्याने पंख उघडलेत.