विहिणीच्या वाटणीची पिल्लं

चैत्रात साखरशेतच्या पाड्यावर कोंबड्यांची मानमोडीची साथ आली आणि बघता बघता सगळ्या अंगणांतला कोंबड्यांचा कलकलाट थांबला. कोंडीच्या घरचे कोंबडे, तलंगा, पिल्लं सगळी गेली. उरली एकटी काबरी. ती कशी वाचली, ते तिचं तिलाच ठाऊक. वर आता ती खुडूक झाली होती, अंडी उबवायला आतुर. रिकाम्या डालग्यात अंग फुगवून बसायची आणि कुणी हात घातला की टोचायची.

कोंडीचा जीव मात्र लेकीत अडकला होता. रुपी सूर्यमाळला दिलेली, पहिलटकरीण, दिवाळीनंतर बाळंत होणार. आणि तिची सासू गोजाबाई भर बाजारात, चारचौघींत म्हणाली होती, "बाळंतिणीला रस्सा लागतो, अंडं लागतं. विहीणबाईंच्या दारात पीस नाय उडत. पोर ऱ्हाऊ दे माझ्याकडंच."

पहिलं बाळंतपण, आणि तेही माहेरी नाही! कोंडीला घास गोड लागेना. काबरीखाली आत्ताच अंडी ठेवली, तर दिवाळीपर्यंत दारात कोंबड्या फिरल्या असत्या. उशीर केला तर काबरी उठून चालायला लागली असती. पण साऱ्या पाड्यावर अंडं कुठलं?

"विहिणीकडं माग की, तिकडं मानमोडी नाय गेली," नवरा नवसू म्हणाला.

"जीव गेला तरी नाय."

ती जव्हारला गेली. शरीफ शिंप्याची बायको जहिदा तिच्या ओळखीची. कोंडी तिच्याकडे नेहमी जळाऊ लाकडं टाकायची. जहिदाने घरामागे जाळीच्या खुराड्यात पांढऱ्याशुभ्र कोंबड्या पाळल्या होत्या. कोंडीने लाकडाची मोळी उतरवली आणि बदल्यात पदरात अंडी घेतली. मोठी, पांढरी, एकसारखी. घरी येऊन तिने ती काबरीखाली मांडली आणि ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून डालग्यात एक जुना खिळाही ठेवला. काबरीने पंख पसरले. कोंडीला त्या रात्री शांत झोप लागली.

काही दिवसांनी कौलाच्या फटीतून येणाऱ्या उन्हात तिने एक अंडं धरून पाहिलं. आत लाल शिरांचं जाळं दिसायला हवं होतं. दिसलं नुसतं पिवळं पाणी. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी तशीच.

"शहरातली हायत," नवसू म्हणाला, "उशिरा उठत असतील."

कोंडीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गुपचूप बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती जहिदाच्या दारात उभी राहिली. "भाभी, तुमची अंडी मुकी निघाली."

"मुकी नाही तर काय! आमच्याकडे कोंबडा कुठे आहे? ईदच्या पाहुण्यांना घातला तो."

कोंडी बघतच राहिली. "कोंबड्याबिगर कोंबडी अंडं देती?"

"रोज देते."

"कशाला?"

"आमच्या न्याहारीला!" जहिदा म्हणाली, आणि दोघी भिंतीला टेकून हसत सुटल्या.

कोंडीला तरी काय ठाऊक? पाड्यावर कुणाचा कोंबडा कुणाच्या अंगणात फिरतो याला धरबंध नाही. कोंबड्याविना नांदणाऱ्या कोंबड्या तिने जन्मात पाहिल्या नव्हत्या.

"मला वाटलं तुला खायला हवीत," जहिदा डोळे पुसत म्हणाली. "बसवायची म्हणाली असतीस तर तेव्हाच सांगितलं असतं. बाजारातलं बोलणं आलंय माझ्या कानावर, पण आता जा विहिणीकडे. काबरीखाली राग ठेवून पिल्लं निघणार आहेत का?"

कोंडी सूर्यमाळला गेली. गोजाबाईच्या अंगणात कोंबड्या नुसत्या पायात येत होत्या.

"विहीणबाई, आज इकडं वाट चुकलात?"

"अंडी पायजेत. बसवायला."

"जव्हारात नाय मिळाली?"

कोंडीने खरं काय ते सांगून टाकलं. गोजाबाई आधी गालात हसली, मग पोट धरून हसली. "अरे देवा! बिचाऱ्या काबरीला फसवलंत की!" दाराआड रुपी तोंडात पदर कोंबून उभी होती.

"बरं, रीत म्हाईत हाय ना?" गोजाबाईने विचारलं. बसवायची अंडी तिकडे कुणी फुकट मागत नाही की विकत घेत नाही. ती वाट्याने घ्यायची. "निम्मी पिल्लं माझी."

"निम्मी तुमची."

"माझ्या वाटणीला सुरी लावायची नाय, मला विचारल्याबिगर."

"नाय लावत."

रुपीने भाताच्या तुसात अंडी नीट भरून दिली. एसटीत टोपली मांडीवर घेऊन, प्रत्येक खड्ड्याला ती वर उचलत कोंडी बसली होती. कंडक्टरने विचारलं, "मावशी, आत काय एवढं?"

"नातवंडं," कोंडी म्हणाली.

यावेळी काबरीची फसवणूक झाली नाही. ज्येष्ठात डालग्यातून चिवचिव ऐकू आली. खबर लागताच गोजाबाई कण्यांचं गाठोडं घेऊन आपली वाटणी बघायला आली आणि मग दर बाजाराला येऊ लागली. पिल्लं ओलीत का सोडली, मुंगसाकडे लक्ष कोण देणार, खुराड्याला फट कशी राहिली, यावरून ती कोंडीला फैलावर घ्यायची. एकदा घारीने एक पिल्लू उचललं.

"ते तुमच्या वाटणीचं गेलं," गोजाबाई म्हणाली.

"वा! तुमचंच होतं ते. तुमच्यासारखंच पुढं पुढं करायचं."

नवसू मध्ये पडला. "घारीला विचारू या का?" दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडल्या. वाटणी काही झाली नाही. मोठी झाल्यावर बघू, असं दर वेळी ठरायचं.

दिवाळी झाली. कोंडी अंगण सारवत होती, तर समोरून रुपी येताना दिसली. तिच्यामागे बोचकं डोक्यावर घेतलेली गोजाबाई. कोंडी शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली.

"पोर ऱ्हाऊ दे म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते. पण माझ्या वाटणीच्या कोंबड्या हितं. त्या तिकडं नेल्या तर वाटेत दमतील. त्यापरीस सुनेलाच आणलं."

कोंडीला हसू आवरेना. तिने हात धुतले, लेकीला घोंगडी अंथरून दिली आणि खुराड्याकडे वळली. "मग विहीणबाई, संध्याकाळी कुठला कापू?"

गोजाबाईने अंगणभर नजर फिरवली.

"तो लाल," ती म्हणाली. "तो तुमचा हाय."