बुऱ्हाणपूरला न्यायची बॅटरी

मी एक बॅटरी बोलतेय. पुस्तकात मला विजेरी म्हणतात, आयटीवाली मंडळी टॉर्च म्हणतात, पण चाकणच्या पलीकडच्या ज्या घरात मी राहते तिथे मी बॅटरीच. आणि आधीच सांगून टाकते, मी वैतागलेली आहे. माणसं कुठेतरी जायचं ठरवतात आणि मग त्या ठरवण्यातच मुक्काम ठोकतात. हे जवळून बघावं लागलं तर कुठलीही वस्तू वैतागेल.

माझा जन्म तळवड्यातल्या एका पत्र्याच्या शेडमधला. परभणीकडून आलेल्या एका बाईंनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, मला काळ्या खोक्यात धरून बटण दाबलं आणि म्हणाल्या, "लागली गं बया!" एवढंच माझं बारसं. मग खोक्यात बसून मी चाकणच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात आले.

तिथे मला इंदुताईंनी घेतलं. इंदुताई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. मुलगा रविराज बाहेर गाडी भलत्याच जागी लावून हॉर्न वाजवत होता आणि ह्या शांतपणे दुकानदाराला विचारत होत्या, "जमिनीच्या खाली चांगलं सत्तर-ऐंशी फूट जायचंय. तिथे चालेल ना ही?"

दुकानदार म्हणाला, "बाई, ही वर चालते तशीच खाली चालंल. पण एवढ्या खाली काय काढलंय?"

"बुऱ्हाणपूर," इंदुताई म्हणाल्या.

दुकानदाराला काही कळलं नाही. मलाही नाही. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की मला वाटलं, आपलं नशीब उघडलं!

घरी आल्यावर हळूहळू कळलं. बुऱ्हाणपूर म्हणजे तापीकाठचं जुनं शहर. मोगलांच्या काळात तिथे डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयारातून शहरात आणलं. वर ओळीने विहिरींसारख्या कुंड्या, खाली त्यांना जोडणारा बोगदा. कुंडी भंडारा म्हणतात त्याला. इंदुताईंनी त्याचा फोटो कधीतरी एका मासिकात बघितला होता. शाळेच्या पुस्तकात तो धडा नव्हता, तरी दरवर्षी त्या फळ्यावर त्याची आकृती काढायच्या: डोंगर, उतार, कुंड्यांची रांग, खालून वाहणारं पाणी. दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, तुमी बघितलंय का?" आणि दरवर्षी त्या म्हणायच्या, "नाही, पण बघणार आहे."

तर त्यासाठी मी. एका निळ्या पिशवीत मला, एक टॉवेल आणि पाण्यात न घसरणाऱ्या चपला ठेवल्या. पिशवी कपाटावर गेली. ठरलं, दिवाळीत निघायचं.

दिवाळीत रविराजच्या कंपनीत गाड्यांच्या पार्टची मोठी ऑर्डर आली. ओव्हरटाइम. "आई, सॉरी. शटडाउनला कंपनी बंद असते, तेव्हा जाऊ," तो म्हणाला. शटडाउनला त्याच्या बायकोला, वर्षालीला, तिच्या तळवड्याच्या ऑफिसातून सुट्टी मिळेना. ती मिळाली तेव्हा भावकीत लग्न निघालं.

या दिवसांत मी काय केलं? सगळं केलं, बुऱ्हाणपूर सोडून. लाइट गेली की पिशवीतून मला काढा. सिलिंडर संपला का बघायला मला काढा. इंदुताईंचे मालक अर्जुनराव कांद्याच्या चाळीत सडका कांदा हुडकायला मला न्यायचे आणि परत आणल्यावर मला आठवडाभर त्याचा वास यायचा. एकदा शेजारच्या आबाजींनी पंप बघायला नेलं ते पंधरवडाभर परत दिलं नाही, दिलं तेव्हा काच तडकलेली. आणि चार्जिंगला लावायचं कुणाच्या लक्षात राहील तर शपथ!

अर्जुनरावांना तर या प्रवासाचं कौतुकच नव्हतं. "आपल्या मळ्यात इहीर हाय," ते म्हणायचे, "तिच्यात वाकून बघ की. त्येच्यासाठी मध्य प्रदेशात कशाला जायाचं?"

"तुमच्या विहिरीतून विहिरीत चालत जाता येतं का?" इंदुताई विचारायच्या.

"न्हाई. आन् जावं बी का?"

मग एक दिवस वर्षालीने मोबाइलवर ग्रुप काढला. 'मिशन बुऱ्हाणपूर.' मला वाटलं, आता मात्र सुटले. कसलं काय! रविराजची बहीण विजयश्री मारुंजीला असते, ती ग्रुपात आली. ती म्हणाली, एवढं लांब जातोच आहोत तर शेगाव करू. तिच्या नवऱ्याला अजिंठा घ्यायचं होतं. त्याचा भाऊ म्हणाला, शिर्डी वाटेतच आहे. माणसं वाढली म्हणून मोठी गाडी ठरवायची झाली. मोठी गाडी म्हणून आणखी माणसं घ्यायची झाली. कुणाला हॉटेलात स्विमिंग पूल पाहिजे होता. रोज रात्री जेवताना रविराज मोबाइल वाचून दाखवायचा आणि इंदुताई ताटातला भात चिवडत विचारायच्या, "आणि भुयार कोणत्या दिवशी?"

"ते बसवू ना आई मध्ये कुठंतरी. अर्ध्या तासाचं तर काम."

अर्ध्या तासाचं! मी कपाटावर होते म्हणून बरं. हातात असते तर त्याच्या डोळ्यांवर लागले असते.

शेवटी एवढ्या सगळ्यांना सोयीचा रस्ता सापडेना आणि उन्हाळा वाढला, तेव्हा विजयश्रीने ग्रुपात लिहिलं, "यावेळी अलिबाग करू या का? जवळ पडतं." सगळ्यांचे होकाराचे अंगठे आले. ग्रुपाचं नावही कुणी बदललं नाही. मिशन बुऱ्हाणपूर अलिबागला गेलं!

निळी पिशवीही गेली. इंदुताईंनीच घेतली, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. सगळे पाण्यात खेळत होते आणि त्या पिशवी मांडीवर घेऊन वाळूत बसल्या होत्या. मला त्या दिवशी एकदाच बाहेर काढलं, अंधार पडल्यावर, विजयश्रीच्या नवऱ्याच्या गाडीची किल्ली वाळूत हरवली म्हणून. ती मी शोधून दिली. कुणी शाबास म्हणालं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. इंदुताईंचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. परत परत. बाजूला ठेवलेला तांब्या त्यांच्या हातून कलंडायचा आणि त्या दचकायच्या, जणू तो तिथे नव्हताच. घरात कुणी विचारलं तर म्हणायच्या, "लक्ष नव्हतं." आणि एके दिवशी चष्म्याचा नंबर बघून येते म्हणून एकट्याच चिंचवडला जाऊन आल्या.

आल्यावर दुपारी त्यांनी खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या. मला पिशवीतून काढलं आणि भिंतीवर उजेड पाडला. अर्जुनराव खाटेवर पडले होते.

"अहो, उठा जरा. या उजेडाच्या गोलाबाहेरची भिंत दिसते तुम्हाला? तो कॅलेंडरचा खिळा?"

"दिसती की. का गं?"

"मला नाही दिसत."

अर्जुनराव उठून बसले. इंदुताईंचा हात हलत नव्हता, माझा उजेडही हलला नाही. त्या म्हणाल्या, "काचबिंदू म्हणतात. दोन्ही डोळ्यांना. कडेचं गेलंय, मधलं आहे. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. थेंब घालून आहे ते टिकवायचं. आणि अंधुक जागी आणखी कमी दिसत जाईल."

अर्जुनरावांनी मला इंदुताईंच्या हातातून घेतलं आणि बंद केलं. मग खिडक्या उघडल्या.

रात्री जेवताना इंदुताईंनीच सगळ्यांना सांगितलं. वर्षाली रडली. रविराजने घास खाली ठेवला. वाईट नाहीत हो ही मुलं, तेच तर माझं दुखणं आहे. वाईट असती तर नुसतं भांडून मोकळं होता आलं असतं. रविराज म्हणाला, "आई, आपण पुण्यात मोठ्या डॉक्टरला दाखवू. आता बाकीचं सगळं बाजूला. डोळे नीट झाले की बुऱ्हाणपूर पक्कं. मे महिन्यात. मी आजच रजा टाकतो."

"ते नीट होत नसतात, रवी," इंदुताई म्हणाल्या.

वर्षालीने डोळे पुसले, मोबाइल घेतला आणि हळूच म्हणाली, "मे महिन्यातली हॉटेलं बघून ठेवू का?"

अर्जुनराव ताटावरून उठले.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "बुऱ्हाणपूरला गाडी जाती ना?"

"जाते."

"मग उद्या बसू."

"उद्या? अहो, रिझर्वेशन नाही, काही नाही—"

"आमी कांदा घेऊन पार नाशकापत्तूर उभ्यानं गेलोय. तू बसशील, मी उभा ऱ्हाईन."

इतके दिवस याच माणसाला मी अरसिक म्हणत होते! रात्री त्यांनी मला स्वतः चार्जिंगला लावलं. पिन उलटी घालत होते, पण लावलं.

सकाळी रविराज आणि वर्षाली कामावर गेल्यावर दोघं निघाली. चाकणहून पुणे, पुण्याहून रेल्वे. दुपारनंतर रविराजचा फोन आला. तो घरी येऊन कुलूप बघून घाबरला होता.

"आई, तू कुठे आहेस?"

"मनमाड गेलं आत्ताच."

"मनमाड? अगं, पण आपण मे महिन्यात ठरवलं होतं ना!"

"तुम्ही मे महिन्यात या," इंदुताई म्हणाल्या. "गाडी हलतेय, नीट ऐकू येत नाही." फोन चांगला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंडी भंडाऱ्याला पोचलो. वर नुसतं माळरान आणि कुंड्यांचे कठडे. एका कुंडीतून लिफ्टने खाली सोडतात. लिफ्ट हलली तशी अर्जुनरावांनी गजाला मिठी मारली. जन्मभर विहिरीत पोहलेला माणूस, पण डोळे गच्च मिटलेले. "माताजी, संभलके, नीचे पानी है," लिफ्टवाला सांगत होता आणि माताजींचं लक्षच नव्हतं. त्या खाली बघत होत्या.

खाली घोट्याच्या वर पाणी. निवळ. बोगद्याच्या भिंतीवर चुन्याचे पांढरे थर, जणू कुणी लोणी थापलंय. इंदुताईंनी मला लावलं. ज्या क्षणासाठी माझा जन्म झाला तो हाच, असं म्हणून मी होता नव्हता तेवढा उजेड ओतला. कांद्याच्या चाळीत निम्मी झिजलेली मी, तरी बरी लागले. त्या चार पावलं चालल्या. हाताने भिंत चाचपली. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही बंद करते जरा."

बंद! मला! एवढे दिवस थांबून!

पण त्यांनी बटण दाबलंच. आणि मग मलाही दिसलं. पुढे बोगद्यात पुढच्या कुंडीतून वरचा उजेड सरळ खाली पाण्यात उतरला होता. त्याच्या पुढे आणखी एक. त्याच्याही पुढे एक, बारीक होत गेलेला. पाणी त्या प्रत्येकाखालून न थांबता वाहत होतं.

"अगदी फळ्यावर काढायचे तसंच आहे," इंदुताई म्हणाल्या. "फक्त उजेड काढायचा राहून गेला होता."

"दिसतंय का तुला?" अर्जुनरावांनी विचारलं. त्यांचा आवाज बोगद्यात घुमला.

"समोरचं आहे ना सगळं. समोरचं दिसतं मला."

अर्जुनराव त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले, पाण्यात.

याला आता वर्ष होत आलं. माझी काच तडकलेलीच आहे, बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. सांज झाली की अर्जुनराव मला घेऊन इंदुताईंच्या पुढे चालतात, अंगणातून गोठ्याकडे, गोठ्याकडून दारात. चालताना मला हलवतात फार आणि बोलणी मी खाते. "नीट धरा हो, पायाशी धरा."

आणि तो ग्रुप? आहे अजून. परवाच विजयश्रीने लिहिलं, "आईला पुन्हा घेऊन सगळे मिळून बुऱ्हाणपूर करू या. प्रॉपर प्लॅनिंग करून." लगेच अंगठे आले. कुणीतरी शेगावचं नाव काढलं.

रविराजने ते मोठ्याने वाचून दाखवलं. इंदुताई डोळ्यांत थेंब घालून मान मागे टाकून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "मी बघून आले. तुम्ही जाऊन या."

मला नेणार असाल तर मीही येईन, वाचकहो. फक्त एवढी विनंती आहे: कपाटावर ठेवू नका. चार्जिंग करा, गाडीत बसा आणि मग काय तो ग्रुप काढा.